मदतनीस

पत्रात लिहिलं होतं की ती प्लास्टर कालवते.

अकरा वर्षं दात घडवणाऱ्या बाईबद्दल असं लिहायला माणूस एक तर अडाणी हवा, नाहीतर निर्ढावलेला. परक्या कुणी लिहिलं असतं तर तिने दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. पण पत्राच्या डोक्यावर छापलेलं नाव तिच्या सख्ख्या काकांच्या लॅबचं होतं. त्याच लॅबमध्ये ती आत्ता बसली होती आणि तिच्यासमोर चार दातांचा एक ब्रिज अर्धवट पडला होता. तो पुरा करू शकेल असं तिच्याशिवाय त्या इमारतीत कुणी नव्हतं.

मेल परदेशातून आला होता. तिकडच्या एका मोठ्या लॅबने तिला नोकरी देऊ केली होती. पण नोकरीआधी तिकडच्या मंडळाचा परवाना लागतो, आणि परवान्यासाठी आधीच्या मालकाने थेट मंडळाला पाठवलेलं अनुभवाचं पत्र. काकांनी ते महिन्यापूर्वी पाठवलं होतं. 'पाठवलं गं बाई, तू निश्चिंत राहा,' असं वर म्हणालेही होते. आता मंडळाने अगदी सभ्य भाषेत कळवलं होतं की आपल्या मालकांच्या म्हणण्यानुसार आपण प्लास्टर विभागात मदतनीस आहात. परवान्यासाठी स्वतः दात घडवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. दहा दिवसांत मालकांचं सुधारित पत्र न आल्यास अर्ज बंद करण्यात येईल. सोबत काकांच्या पत्राची प्रत जोडली होती.

तिने ती फोनवर मोठी करून पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालची सही तिने स्वतः केलेली होती.

नाव काकांचं, हात तिचा. सहा वर्षांपूर्वी काकांच्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाचा कप हलायला लागला, मग ब्रश, मग पेन. तेव्हापासून दर सोमवारी ती दहा कोऱ्या लेटरहेडवर त्यांची सही करून ठेवायची, म्हणजे आठवडाभर लागेल तसा मजकूर वर छापता यायचा. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. घरचीच लॅब, घरचीच माणसं. त्यातल्याच एका कागदावर काकांनी तिला मदतनीस करून टाकलं होतं. म्हणजे या बयेने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला सही करून ठेवली होती, आणि तीसुद्धा चांगली वळणदार.

ती उठली ती सरळ केबिनमध्ये.

काका दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात घालून खुर्चीत बसले होते. हात खिशात ठेवायची त्यांची ही सवय शहरातल्या दातांच्या डॉक्टरांमध्ये प्रसिद्ध होती. सगळ्यांना तो रुबाब वाटायचा. डॉक्टर त्यांना मास्तर म्हणायचे आणि अवघड काम असलं की चिठ्ठीवर 'मास्तरांच्या हातचं' असं लिहून पाठवायचे. अशा चिठ्ठ्या केबिनच्या दारावरून न थांबता तिच्या टेबलावर यायच्या. एखादा पेशंट रंग जुळवायला स्वतः आलाच तर काका खिडकीपाशी उजेडात उभे राहून म्हणायचे, "जरा वर बघा. हं. थोडा पिवळसर घ्या." नमुन्याचा दात पेशंटच्या ओठाशी धरणारी, खरा रंग ठरवणारी आणि मग तो दात करणारी ही. पेशंट जाताना आभार कोटाचे मानायचे.

"हे काय आहे?" तिने फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

काकांनी चष्मा न लावता वाचल्यासारखं केलं. "काय लिहिलंय?"

"तुम्हीच लिहिलंय. पाठ असेल की."

काकांनी फोनवरून नजर काढून घेतली. मग म्हणाले, "अगं, मदतनीस म्हणजे काय शिवी आहे का? मला मदत करत नाहीस का तू?"

"मदत? काका, सहा वर्षांत तुम्ही एक दात केलाय? एक?"

"हळू बोल. बाहेर ऐकू जातं."

"बाहेर प्लास्टरमामा आहेत. त्यांना ऐकू जायची गरज नाही, ते रोज बघतात."

"हे बघ पोरी," काकांनी समजुतीचा सूर लावला. हा सूर तिला लहानपणापासून माहीत होता. तो लागला की समोरच्याचं काहीतरी जायचं असतं. "समजा मी खरं लिहिलं. सगळं काम ही करते, मी काही करत नाही. कागद आहे तो. आज तिकडे गेला, उद्या इकडे फिरेल. तीस वर्षांचं नाव आहे माझं."

"तिकडचं मंडळ इथल्या डॉक्टरांना फोन करून सांगणार आहे? त्यांना दुसरी कामं नाहीत?"

"आणि तू गेलीस की?" काका एकदम ओरडले. हात खिशातून बाहेर आले आणि टेबलावर थडथडायला लागले. त्यांनी ते घाईने मांडीत दाबून धरले. "तू गेलीस की मी काय करू? हा कोट घालून कुठे उभा राहू?"

क्षणभर तिला वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचाच राग आला. "ते मला विचारायचं होतं काका. मंडळाला कळवायचं नव्हतं. दोन वर्षं मी संध्याकाळी ती भाषा शिकत होते. एकदा नापास झाले, पुन्हा बसले. मुलाखतीत त्यांनी कॅमेऱ्यासमोर दात करून दाखवायला सांगितला आणि विचारलं, कुणाकडे शिकलात? मी छाती फुगवून तुमचं नाव सांगितलं. आणि तुम्ही माझं काय सांगितलंत? प्लास्टर!"

"सहा महिने थांब. कुणालातरी तयार करतो."

"कोण तयार करणार? तुम्ही?"

हे ती बोलून गेली आणि काकांचा चेहरा पडला. तिने शब्द मागे घेतला नाही. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "पत्र बदलणार नाही. करायचं ते कर."

घरी बाबा स्वयंपाकघरात घड्याळ लावून अंडी उकडत होते. ती जाणार म्हटल्यापासून त्यांनी एकट्याने राहायची तालीम सुरू केली होती. अंडी, भात, वॉशिंग मशीन, व्हिडिओ कॉल. व्हिडिओ कॉलमध्ये अजून नुसतं कपाळ दिसायचं. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काका बाबांचा धाकटा भाऊ. बाबांनी दटावलं तर ऐकेल, अशी तिला अजून आशा होती.

बाबांनी गॅस बंद केला. अंडी गार पाण्यात घातली. एक अंडं उगाच तीनदा धुतलं.

"बाबा?"

"तो म्हणाला होता तसं," बाबा अंड्याकडे बघत म्हणाले.

"कसं?"

"की जरा साधंच पत्र लिहितो म्हणून. म्हणजे थोडा उशीर होईल, बास. मला वाटलं, पाचसहा महिने इकडे तिकडे. तेवढं तरी..."

तिला खुर्ची ओढून बसावंसं वाटलं, पण बसलं की रडू येईल म्हणून ती बसली नाही. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तुझं वाईट व्हावं असं कुणाच्या मनात नाही गं."

"तेच तर! कुणाच्याच मनात काही नसतं. कुणी मुद्दाम काही करत नाही. नुसतं मूग गिळून बसायचं आणि मी मेहनतीने बांधलेलं खाली येताना बघायचं. अंडी उकडा तुम्ही!"

ती खोलीत गेली आणि दार आपटलं. छत्तीस वर्षांच्या बाईने दार आपटावं हे काही शोभत नाही, पण तिला बरं वाटलं. बाबा दाराबाहेर दोनदा येऊन खाकरले आणि परत गेले. ती खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिली, आणि कधीतरी तिच्या लक्षात आलं की काकांचं पत्र खोटं आहे, पण ते खरं करून दाखवणं काही अवघड नाही.

सकाळी ती लॅबमध्ये गेली ती स्वतःच्या टेबलाकडे वळलीच नाही. मागच्या खोलीत जाऊन तिने खुंटीवरचा रबरी अ‍ॅप्रन चढवला आणि बादलीत पाणी घेतलं.

प्लास्टरमामा साचे मोजत होते. तीस वर्षं प्लास्टर कालवून त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. वयाने की प्लास्टरने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "ताई, काय हरवलं का?"

"काही नाही. आजपासून मी इथे. लेखी आहे."

"कुणाचं लेखी?"

"मालकांचं. माझ्याच सहीने."

मामांना अर्धंच कळलं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी उरलेलं अर्धं विचारलं नाही. मुकाट्याने पिठाचं पोतं तिच्याकडे सरकवलं. ती कामाला लागली. प्लास्टर कालवलं, साच्यात ओतलं, बुडबुडे जावेत म्हणून साचा टेबलावर आपटला. तेवढं आपटणं तिला फार मानवलं. दुपारपर्यंत तिने चाळीस साचे भरले आणि मामा म्हणाले, "ताई, हात चांगलाय तुमचा, पण टेबल मोडेल."

पुढच्या खोलीत 'मास्तरांच्या हातचं' लिहिलेल्या चिठ्ठ्या साचत गेल्या. पहिल्या दिवशी काकांनी तिकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागले आणि ते आतून ओरडून सांगायला लागले, "होतंय, होतंय." तिसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. काहीतरी बोलणार होते. तिने साचा आपटला. ते परत गेले.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला डॉक्टर स्वतः आले. हे काकांचे सगळ्यात जुने डॉक्टर, वीसेक वर्षांचा संबंध. सोबत एक पेशंट होती, तिशीची बाई, तोंडावर रुमाल धरलेली. समोरचा वरचा दात अर्ध्यात तुटलेला, परवापासून नवीन नोकरी, काम काउंटरवर बसून लोकांशी बोलायचं. तुटक्या दातावर बसवायच्या टोपीची चिठ्ठी येऊन चार दिवस झाले तरी दाताचा पत्ता नव्हता.

"मास्तर, आजवर असं कधी झालं नाही," डॉक्टर म्हणाले.

"होतं म्हणजे काय, आत्ता होतं," काका म्हणाले आणि मागच्या खोलीकडे वळून त्यांनी हाक मारली, "अगं, जरा इकडे ये बघू. यांचा रंग घ्यायचाय."

ती अ‍ॅप्रनसकट बाहेर आली. कोपरापर्यंत प्लास्टर. "मी रंग घेत नाही. मी मदतनीस आहे," ती डॉक्टरांना म्हणाली. "दात मास्तर करतात. चिठ्ठीवर तसंच लिहिता ना तुम्ही?"

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की एरवी ती खाली मान घालून कामाला लागली असती. तिने मान खाली घातली नाही.

"करतो की," काका म्हणाले. "मीच करतो." आणि ते तिच्या टेबलापाशी जाऊन तिच्या खुर्चीत बसले.

सहा वर्षांनी ते त्या बाजूला बसत होते. त्यांनी दिवा ओढला, काचेवर पोर्सेलीनची पूड घेतली, त्यात पाणी घातलं. पाणी जास्त पडलं. कागदाने टिपलं. ब्रश उचलला, त्यावर पूड घेतली आणि ब्रश टोपीच्या सांगाड्याकडे न्यायला लागले. ब्रशचं टोक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे. पुडीचा गोळा टेबलावर पडला. त्यांनी उजवा हात डाव्याने धरला. मग दोन्ही हलायला लागले. रुमालवाली बाई आधी ब्रशकडे बघत होती, मग तिने शहाणपणाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"ताई, जा ना," मामा मागून कुजबुजले.

ती गेली नाही. काकांच्या मानेवर घाम आला होता आणि तो तिला दिसत होता. आपण दुष्टपणा करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. सहा वर्षं आपल्या बाबतीत काय झालं हेही तितकंच माहीत होतं, आणि त्या दोन्हीत तिला हलता येत नव्हतं. दुसरा गोळा पडला. मग तिसरा.

शेवटी डॉक्टरच पुढे झाले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, राहू द्या. नेहमी होतं तसंच होऊ द्या. मला ठाऊक आहे. चारपाच वर्षं झाली."

काकांनी ब्रश खाली ठेवला.

"काय ठाऊक आहे?" तिने विचारलं.

"अहो, कळतं ना आम्हाला," डॉक्टर हसून म्हणाले. त्यांना वाटलं, आता सगळं गोडीगुलाबीने मिटणार. "दात एकदम बदलले. मास्तरांचे दात चांगलेच असायचे, पण तुमचा दात तोंडात घातला की शोधावा लागतो. आम्ही सगळेच ओळखून आहोत. मास्तरांचा मान राहावा म्हणून कुणी बोललं नाही, एवढंच."

"सगळेच ओळखून आहात," ती म्हणाली. आवाज चढतोय हे तिला कळत होतं आणि तिने तो चढू दिला. "म्हणजे लपवत होतो ते फक्त आम्ही! यांचा मान राहावा म्हणून तुम्ही गप्प, यांचं नाव राहावं म्हणून मी गप्प, यांचं मन राहावं म्हणून माझे बाबा गप्प. सगळ्यांचं सगळं राहिलं. माझं काय राहिलं, डॉक्टर? चार वर्षं ठाऊक होतं, तर एका चिठ्ठीवर, एकदा तरी, माझं नाव लिहावंसं वाटलं नाही तुम्हाला? मला मान नको होता? की माझ्याकडे नुसते हातच आहेत?"

डॉक्टरांचं हसू ओठावरच वाळलं. ते काहीतरी पुटपुटले. तिने ऐकलं नाही. एवढा वेळ तोंडावर रुमाल धरून बसलेली बाई तिच्याकडे बघत होती, आणि त्या बाईने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

तिने अ‍ॅप्रन काढला, कोपरापर्यंत हात धुतले आणि टेबलापाशी आली. "उठा," ती काकांना म्हणाली. काका उठले. "रुमाल काढा बाई, आणि खिडकीकडे तोंड करून बसा. हसा. अजून थोडं. लाजू नका, माझ्यासमोर कुणी लाजत नाही."

दीड तासाने भट्टीतून दात बाहेर आला. डॉक्टरांनी तो तात्पुरता बसवून बघितला, आणि कुठला नवा ते खरंच शोधावं लागलं. बाई आरशात बघून हसली, मग रडली, मग आभार मानायला वळली. या वेळी ती कोटाकडे वळली नाही.

ती दोघं गेल्यावर काका केबिनमध्ये न जाता तिथेच स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "कॉम्प्युटर लाव. मी सांगतो, तू टाईप कर."

त्यांनी सांगितलं. अकरा वर्षं. पहिली पाच माझ्या हाताखाली, पुढची सहा स्वतंत्रपणे. या लॅबमधला प्रत्येक अवघड दात तिनेच केला आहे. यापूर्वी पाठवलेल्या पत्रातला मजकूर चुकीचा आहे. एकही शब्द त्यांनी वाकवला नाही. सांगायला बसले की काका नीट सांगत, हे तिला मान्यच होतं. तिने छापून कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. "कर सही."

"मी नाही. तुम्ही."

"अगं, तुझी छान येते. माझी बिघडेल."

"बिघडू दे. कागद पुष्कळ आहेत."

"आधीच्या पत्राशी जुळायची नाही. तिकडच्या लोकांना हीच खोटी वाटेल." हे ते तिला टाळायला म्हणत नव्हते. खरंच होतं ते. सहा वर्षांत त्यांची खोटी सहीच खरी होऊन बसली होती.

ती पुन्हा कीबोर्डकडे वळली. "मग आणखी एक वाक्य सांगा. जुळत का नाही, ते."

काका बघत राहिले. मामा मागच्या खोलीच्या दारात आले होते, ते आत गेले. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली होती आणि ती काढली नाहीत. तिला त्यांची दया येत होती आणि ती दया तिने दातांखाली धरून ठेवली होती, कारण याच दयेवर सहा वर्षं सगळ्यांचं भागलं होतं.

"लिही," काका म्हणाले. "माझ्या हाताला कंप आहे. सहा वर्षांपासून. मी दात करू शकत नाही. आधीच्या पत्रावरची सही माझ्या हातची नव्हती. ही आहे."

तिने लिहिलं, छापलं. काकांनी पेन मुठीत धरलं. पहिल्या कागदावर टोक घुसून भोक पडलं. दुसऱ्यावर नाव अर्ध्यात तुटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं आणि एकेक अक्षर ओढत नेलं. ती शेजारी हाताची घडी घालून उभी होती. त्यांचं मनगट धरायला तिला एक पाऊलसुद्धा टाकावं लागलं नसतं.

सही ओळ सोडून वर चढत गेली आणि कोपऱ्यात जाऊन संपली. काकांनी पेन ठेवलं आणि मान वर करून तिला विचारलं, "बरी आली का?"

तिने कागद उचलून उजेडात धरला. हो म्हणायला काही लागत नव्हतं.

"वाईट आली," ती म्हणाली. "पण तुमची आहे. मंडळाला दोन प्रती लागतात."

तिने दुसरा कागद त्यांच्यापुढे ठेवला.